हाली, कलदार, कोरी: घरातली संस्थानी चांदीची नाणी लावतानाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

कामाला सुरुवात. जालन्याच्या घरातून आलेला पितळी डबा, पणजोबांचा, ते सरकी-धान्याच्या धंद्यात होते. आत दीडशेच्या आसपास चांदीचे नग. त्यातला मोठा वाटा हैदराबादचा हाली सिक्का, थोडे कलदार म्हणजे ब्रिटिश छापाचे, आणि उरलेलं सगळं मिक्स. शिवाय मामींनी मुंबईहून एक पुडी दिलीय, मामांनी मांडवीतल्या कच्छी व्यापाऱ्यांकडून जमवलेल्या कोऱ्यांची, म्हणजे कच्छ-काठेवाडच्या छोट्या चांदीच्या नाण्यांची.

हे लिहून ठेवतोय कारण असा डबा मराठवाड्यात बऱ्याच घरांत असतो आणि बहुतेक वेळा सराफाकडे तोळ्यावर जातो. निदान काय जातंय ते कळून जावं. (नाणी कशी "गुंतवणूक" आहेत वगैरे इथे काही मिळणार नाही.)

आज फक्त वाटणी केली. आधी राजाच्या नावाने करायला घेतली, तासाभरात नाद सोडला, कारण निम्म्या नाण्यांवर नाव वाचता येत नाही आणि ज्यांच्यावर येतं त्यातल्या बऱ्याच जणांवर भलत्याच माणसाचं नाव आहे. मग वजनावर केली. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा, १८० ग्रेन. हाली रुपया ११.१८ च्या जवळ. अर्धा ग्रॅम फरक हाताला कळत नाही पण काट्याला लगेच कळतो, आणि त्या अर्ध्या ग्रॅमवर पाऊण डबा आपोआप दोन ढिगांत पडला. झिजलेली नाणी मध्ये लोंबकळतात, ती बाजूला.

१० नोव्हेंबर

काट्याची कटकट. साडेसहाशेचा छोटा डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅमवाला. सकाळी तोच रुपया ११.१४ दाखवला आणि संध्याकाळी ११.२१. पंखा बंद केला तरी तेच. शेवटी कळलं की बॅटरी उतरली होती आणि खालचं टेबल हलत होतं. आता फरशीवर ठेवून वजन करतो, गुडघे दुखतात पण आकडा स्थिर.

तपासणीची वजनं वेगळी विकत घ्यायची गरज नाही. २०११ नंतरची आपली चालू नाणी घ्या: एक रुपया ३.७९, दोन रुपये ४.८५, पाच रुपये ६.०० ग्रॅम. दोन आणि पाच एकत्र ठेवले की १०.८५ यायला पाहिजे, म्हणजे आपल्याला हव्या त्या पट्ट्यातच काटा तपासला जातो. नाणी बँकेतून आणलेली नवी घ्यायची, भाजीवाल्याकडची झिजलेली नाही. रोज काम सुरू करण्याआधी आणि मध्ये एकदा.

१७ नोव्हेंबर

हालीचा ढीग. यांत्रिक चारमिनार छाप सगळ्यात सोपा म्हणून तिथून सुरुवात. हा छाप सहावा निजाम महबूब अली खानच्या काळात हिजरी १३२१, म्हणजे इसवी १९०३-०४ ला आला. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर आहे ते भिंगातून बघायचं. मीम असेल तर महबूब, ऐन असेल तर सातवा निजाम उस्मान अली. उस्मानच्या सुरुवातीच्या नाण्यांवर तो ऐन तोकडा, अर्धवट आहे आणि पुढे पूर्ण काढलेला आहे, हे दोन वेगळे छाप धरतात, तेव्हा एकाच पाकिटात टाकू नका.

तारखा वाचताना जिथे वेळ गेला ते सांगतो. उर्दू आकड्यांत सात म्हणजे वर उघडा कोन आणि आठ म्हणजे खाली उघडा कोन, नाणं उलटं धरलं की एकाचा दुसरा होतो. म्हणून आधी चारमिनार सरळ उभा करायचा, मगच आकडे. शून्य म्हणजे नुसता ठिपका, झिजेत तो पहिला जातो, त्यामुळे १३३० चं "१३३" दिसतं. दोन आणि तीनचे दात पण झिजून सारखे होतात. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या बाजूला राज्यवर्ष, म्हणजे राजा गादीवर आल्यापासूनचं कितवं वर्ष, असतं ते बघायचं. उस्मान अली हिजरी १३२९ ला गादीवर आला, तर हिजरी सालातून १३२९ वजा केले की राज्यवर्ष तेवढंच किंवा एक जास्त यायला हवं. नाही आलं तर वाचण्यात चूक आहे, परत भिंग.

हिजरीचं इसवी करताना नुसते ५८० नाहीतर ५९० मिळवायची सवय काही लोकांना असते, ती चालत नाही कारण चांद्र वर्ष अकरा दिवसांनी तोकडं आणि फरक सरकत जातो. हिजरी गुणिले ०.९७, अधिक ६२२, एवढं या काळापुरतं पुरतं. १३३१ चे १९१३ येतात, खरं वर्ष डिसेंबर १९१२ ला सुरू होतं, ठीक आहे.

चारमिनारभोवती "निजाम उल मुल्क आसफ जाह बहादूर" आणि मध्येच ९२ हा आकडा. मी आधी त्याला साल समजून शोधत बसलो होतो. मुहम्मद या नावाच्या अक्षरांची अबजद बेरीज (प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा धरून केलेली) आहे ती: ४० अधिक ८ अधिक ४० अधिक ४. एका निवृत्त उर्दूच्या सरांनी सांगितलं, त्यांच्याकडे पुढे बरेचदा जाणं झालं.

२३ नोव्हेंबर

आजचा दिवस साफसफाईत गेला आणि मूडही.

डब्यातली काही नाणी काकांनी आधीच प्लास्टिकच्या मऊ पारदर्शक खिशांच्या अल्बममध्ये लावलेली होती. ते पीव्हीसी असतं. वर्षानुवर्षं राहून त्यातून चिकट हिरवट थर नाण्यावर आलाय, बोटाला लागतो. पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही. असिटोन लागतं, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो, शुद्ध असिटोन केमिकलवाल्याकडून. काचेच्या वाटीत बुडवून ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटांनी दुसऱ्या स्वच्छ असिटोनमध्ये, मग बाहेर काढून आपोआप वाळू द्यायचं. पुसायचं नाही. खिडकी उघडी आणि गॅस बंद. हिरवा थर गेला, पण ज्या दोन नाण्यांवर तो फार जुना होता तिथे खाली खड्डे पडलेत, ते काही भरून येत नाहीत.

दुसरी गोष्ट, डब्यातले आठ-दहा रुपये आजीच्या काळात सराफाकडून "उजळून" आणलेले आहेत. आरशासारखे पांढरे, कडा गोल झालेल्या, अक्षरं मेणासारखी वितळलेली. या रुपयांना संग्राहक चांदीच्या भावापेक्षा फार देत नाही. काळी पडलेली चांदी बघून हात शिवशिवतात हे मला मान्य आहे, पण पितांबरी, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि फॉइल, यातलं काहीही लावू नका. काळा थर हा चांदीचाच सल्फाइड आहे, तो घासला की वरची चांदीच निघते.

काहींना टाका मारून कडी लावलेली होती, गळ्यातल्या माळेसाठी. कडी काढलेली असली तरी कडेवर बारा वाजताच्या जागी डाग राहतो आणि वजन थोडं वाढतं. एक हाली रुपया ११.३१ भरत होता, तेव्हा हेच निघालं.

१ डिसेंबर

पाण्यातलं वजन. हा भाग सगळ्यात जास्त शिकवणारा निघाला म्हणून सविस्तर.

प्रश्न असा की हाली रुपयात चांदी किती ते नाणं न घासता कसं कळणार. ब्रिटिश रुपया बारात अकरा भाग शुद्ध, म्हणजे ९१.७ टक्के. हाली ८१.८ टक्के. आणि दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई आली तेव्हा दोन्हीकडे ५० टक्क्यांवर घसरण झाली, कलदार १९४० पासून आणि हाली हिजरी १३६१ पासून, म्हणजे १९४२ च्या सुमारास. डब्यात १३६० च्या पुढचे बरेच आहेत, वजन तेच, छाप तोच, आणि सराफ सगळ्यांना एकच भाव लावतो.

पद्धत: काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करायचा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबत सोडायचं, तळाला आणि बाजूला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरडं वजन भागिले तो आकडा म्हणजे घनता. शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६. हिशोबाने ९१.७ टक्क्यांची घनता १०.३४ येते, ८१.८ ची १०.१७, आणि निम्म्या चांदीची ९.६६ च्या आसपास.

पहिल्या फेरीत सगळे आकडे कमी आले, हाली ९.८, कलदार पण ९.९. कारण दोन. शिवणाचा सुती दोरा पाणी पितो आणि त्याची जाडी मोजली जाते, आणि नाण्याच्या कंगोऱ्यांना बुडबुडे चिकटतात. दोरा बदलून मासे पकडायचा सगळ्यात बारीक नायलॉन घेतला, पाणी उकळून गार करून वापरलं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि नाणं सोडल्यावर हलकेच हलवून बुडबुडे झटकले. मग बसलं. हिजरी १३३७ चा रुपया ११.१५ ग्रॅम, पाणी १.१०, घनता १०.१४. हिजरी १३६३ चा ११.१७ ग्रॅम, पाणी १.१६, घनता ९.६३. स्वच्छ फरक.

पण या काट्याची मर्यादा पण लिहितो. १.१० ग्रॅमवर ०.०१ चा फरक म्हणजे एक टक्का, म्हणजे घनतेत ०.१ इकडेतिकडे. तेव्हा ८२ टक्के आणि ५० टक्के वेगळे करता येतात, ८२ आणि ९२ खात्रीने वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी ०.००१ चा काटा लागतो आणि तो सहापट महाग आहे. एका सराफाकडे एक्स-रे मशीन आहे, तिथे चार नग तपासून घेतले, हालीचे आकडे ८१-८२ वरच आले, मग उरलेल्यांचा नाद सोडला.

त्या सराफाचे वडील दुकानात बसतात, नव्वदीच्या पुढचे. डबा बघून म्हणाले, "अरे हे हाली का, आमच्या वडलांच्या वहीत कलदारचा रकाना वेगळा असायचा. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा-सतरा हाली. बट्टा पाठच होता सगळ्यांना." बट्टा म्हणजे एक नाणं देऊन दुसरं घेतानाची तूट. हा भाव पुस्तकातल्या आकड्यांशी जुळतो, सहा कलदारला सात हाली. माझ्या पणजोबांच्या डब्यात दोन्ही का होते ते यातून लागलं: सरकी मुंबईकडे विकली की पैसे कलदारमध्ये यायचे आणि सारा, मजुरी हालीत.

८ डिसेंबर

हातठोक नाणी, म्हणजे यंत्रावर नाही तर हातोड्याने छापलेली. इथे खरा वेळ गेला.

हातठोक रुपयात छाप मोठा आणि नाणं लहान असतं, म्हणून एका नाण्यावर मजकुराचा तुकडाच येतो, तोही जिथे हातोडा पडला तिथला. माझ्याकडे एकाच घराण्याचे दिसणारे सात रुपये होते, जाड, बेढब, मागे माणसासारखा चेहरा असलेला सूर्य. एकावरही पूर्ण ओळ नाही. सातही नाण्यांचे फोटो काढून, प्रिंट घेऊन, ट्रेसिंग पेपरवर अक्षरं उतरवून एकावर एक ठेवायचं ठरवलं. पहिल्यांदा काहीच जुळेना कारण फोटो हातात मोबाईल धरून काढलेले, प्रत्येकाचं अंतर वेगळं. मग दोन स्टीलचे डबे, वर काच, काचेवर मोबाईल, खाली नाणं आणि शेजारी पट्टी. अंतर कायम झालं. उजेड ट्यूबलाइटचा नको, सगळं सपाट दिसतं, एकच टेबललॅम्प आडवा, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर. सावल्यांमुळे जे अक्षर डोळ्याला दिसत नव्हतं ते फोटोत दिसायला लागलं. सूर्याचं नाक धरून सातही कागद जुळवले आणि मग मागची बाजू जवळजवळ पूर्ण मिळाली.

सरांकडे नेलं तर हसले. "वरून खाली काय वाचतोस, नाण्यावरचं फारसी खालून वर चढतं." त्यांनी दहा मिनिटांत लावलं: शाह आलम बादशहा, आणि टाकसाळ मल्हारनगर. म्हणजे इंदूर, होळकर. शाह आलम दुसरा वारला १८०६ ला. आणि या नाण्यांपैकी दोनवर हिजरी १२९० च्या पुढचं साल आहे, म्हणजे १८७० चं दशक, तुकोजीराव दुसरे गादीवर, दिल्लीत बादशाहीच उरलेली नाही आणि व्हिक्टोरियाचा अंमल चालू. तरी रुपया मेलेल्या बादशहाच्या नावाने, कारण बाजाराला तोच छाप ओळखीचा होता आणि छाप बदलला की सराफ बट्टा कापणार. म्हणून म्हणतो की नाव शेवटी वाचा. आधी वजन, मग खूण (सूर्य, बेलपान, पिंड, तलवार, गदा, झाड), मग टाकसाळ, मग साल, आणि सगळं बसल्यावर राजाचं नाव.

हैदराबादची जुनी हातठोक पण अशीच. १८५७ पर्यंत बहादूरशाहचं नाव आणि नंतर ते काढून आसफ जाह. डब्यातल्या पाच जाड हालींपैकी दोन बादशहाच्या नावाच्या निघाल्या, त्या मी आधी नंतरच्या समजून वेगळ्या पाकिटात टाकलेल्या.

बऱ्याच हातठोक नाण्यांवर बारीक टोचे आहेत, चंद्रकोर, फुली, ठिपके. हे सराफांनी चांदी तपासून मारलेले ठसे. किंमत त्यामुळे कमी होते हे खरं, पण मला ते आवडतात, प्रत्येक टोचा म्हणजे कुणीतरी हे नाणं हातात घेऊन संशय घेतला.

१४ डिसेंबर

बडोदा. एका दुपारीत उरकलं, कारण नागरी आहे. सयाजीराव तिसऱ्यांचा यंत्रावरचा रुपया, पुढे पगडीतलं चित्र, मागे "एक रुपया", संवत आणि तलवार. संवतातून ५७ वजा, १९४८ म्हणजे १८९१. जुन्या हातठोकवर राजाची आद्याक्षरं शोधायची, "खा गा" म्हणजे खंडेराव गायकवाड, "मा गा" मल्हारराव, "सा गा" सयाजीराव.

ही नाणी इतकी थोडी वर्षंच का सापडतात ते थोडक्यात: २६ जून १८९३ ला ब्रिटिशांनी लोकांनी चांदी नेऊन रुपये पाडून घ्यायची सोय बंद केली. कलदारचा भाव धातूपासून सुटला आणि वर धरून ठेवला गेला, संस्थानी रुपया मात्र चांदीबरोबर घसरत राहिला. व्यापाऱ्याला रोजचा तोटा. अनेक संस्थानांनी टाकसाळ बंद करून कलदार पत्करला, बडोद्यानेही शतक संपता संपता तेच केलं. हैदराबाद मात्र आपलं चलन धरून राहिलं.

२२ डिसेंबर

मामींची पुडी, कोऱ्या. कोरी म्हणजे कच्छ-काठेवाडचं चांदीचं नाणं, साधारण पावणेपाच ग्रॅम.

नवानगरची जामशाही कोरी बघून दोन दिवस गोंधळ. साल ९७८ हिजरी, म्हणजे १५७०! आणि नाणं तर चांगलं ठणठणीत. मग कळलं की गुजरातच्या सुलतान मुजफ्फरचा छाप साल न बदलता शेकडो वर्षं तसाच मारत राहिले. खाली नागरीत "श्री जामजी" आहे तेवढाच खरा पत्ता. "श्री राणा" दिसलं तर पोरबंदर, "श्री दिवान" दिसलं तर जुनागढ. ९७८ बघून कुणी अकबरकालीन म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

कच्छची मशीनवरची मात्र नीट साल देतात, एका बाजूला इसवी, दुसऱ्या बाजूला संवत, एकीकडे ब्रिटिश राजाचं नाव फारसीत आणि दुसरीकडे महाराव नागरीत. मोठी पाच कोरी १३.८७ ग्रॅम, ९३.७ टक्के चांदी. एक कोरी मात्र ६० टक्केच, त्यामुळे पाच सुट्या कोऱ्यांची आणि एका पाच कोरीची चांदी सारखी नसते. एकावर १९३६ आणि नाव आठव्या एडवर्डचं निघालं. हा गडी वर्षभरही टिकला नाही, ब्रिटिश हिंदुस्थानच्या टाकसाळींनी त्याच्या नावाचा रुपया चलनात आणलाच नाही, पण कच्छचे भुजवाले लगेच नाणी पाडून मोकळे. आणि संवत २००४ च्या एका कोरीवर राजाच्या जागी चक्क "जय हिंद". पुडीतलं माझं सगळ्यात आवडतं नाणं, किंमत काही फार नाही.

कोरीवर पाण्याचा प्रयोग चालत नाही. पाणी अर्धा ग्रॅम पण सरत नाही, चूक दोन टक्क्यांवर जाते. सोडून दिलं.

२९ डिसेंबर

नकली. डब्यातलं नाही, चुलतभावाने रविवारच्या जुन्या बाजारातून "सेट पूर्ण करायला" आणलेलं. अलवर, १८७७, व्हिक्टोरियाचा मुखवटा, मागे मंगलसिंह फारसीत. भाव साडेतीन हजार दिला होता.

हे ताबडतोब पकडता येतं आणि ते का ते बघा. १८७६ च्या नेटिव्ह कॉइनेज ॲक्टखाली अलवरने आपला रुपया ब्रिटिश टाकसाळीतून पाडून घेतला, अट अशी की वजन आणि कस कलदारचाच. म्हणजे ११.६६ च्या आसपास यायलाच हवं. भावाचं नाणं १०.२ भरलं. झिजेने दीड ग्रॅम जायला व्हिक्टोरियाचं नाक-डोळे सगळं सपाट व्हायला हवं होतं, इथे तर केसांच्या बटा ठसठशीत. कडेला भिंगातून ओतीव शिवण दिसली, घनता ८.७. चांदीचा मुलामा दिलेलं पितळ असणार. चुंबक लावून बघा असं सगळे सांगतात, पण पितळही चिकटत नाही. त्यापेक्षा ताकदवान चुंबक तिरक्या धरलेल्या नाण्यावरून घसरू द्या, चांदीवर तो अडखळत हळू उतरतो, इथे सर्रकन गेला.

बिकानेरच्या १८९२ च्या रुपयाला पण हाच नियम, तोही त्याच ॲक्टखालचा.

५ जानेवारी २०२५

खर्च: काटा ६५०, असिटोन आणि वाट्या ३००, कॅलिपर ४५०, भिंग ३५०, पुठ्ठ्याच्या चौकटी (पीव्हीसी नसलेल्या, मायलरच्या) शंभरी सव्वापाचशे, चांगल्या वीस नाण्यांना कडक कॅप्सूल. एकूण तीन हजाराच्या आत, आणि भावाचे साडेतीन हजार वेगळे, ते त्याचे. पुठ्ठ्याच्या चौकटीला स्टेपल मारल्यावर पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा. रबरबँड डब्यात नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्याआधी बदलायच्या.

वहीत रकाने: क्रमांक, वजन, व्यास, खूण, टाकसाळ, वाचलेलं साल जसंच्या तसं, इसवी साल वेगळ्या रकान्यात, घनता असल्यास, डाग-कडी-टोचे, कुठून आलं. "कुठून आलं" हा रकाना पहिल्यांदा केला नव्हता आणि मामींची पुडी आणि डबा एकत्र होता होता वाचले.

अमेरिकेतली बहीण म्हणाली चार-पाच हाली माझ्यासाठी पाठव. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, देशाबाहेर नेता येत नाही, बॅगेत टाकून पण नाही. तिला फोटो पाठवले, ती रुसलीय.

अजून अकरा हातठोक लागलेली नाहीत. तीनवर झाडाची फांदी आहे, जयपूरचं झाड असावं असं वाटतं पण फांद्या सहा आहेत की पाच हे झिजेमुळे मोजता येत नाही. आडव्या उजेडात परत फोटो काढायचेत, या वेळी दिवा चारही बाजूंनी फिरवून.